उजव्या गालावरची आई

शाळेतून आले, चपला दाराशी काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि भाऊंच्या खाटेपाशी जाऊन नेहमीसारखं विचारलं, "दूध घेतलंत का?" भाऊंनी मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "उर्मी शाळेतून आली का?" उर्मी म्हणजे मी, भाऊंची मुलगी. उर्मिला. पन्नाशीला टेकलेली, गिरगावातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी, आणि त्या क्षणी खरोखर शाळेतूनच आलेली. तेव्हा जे खरं तेच मी सांगितलं. म्हटलं, "आले की." "मग तिला काहीतरी खायला दे," भाऊ म्हणाले. "भुकेली असेल पोर." आणि हात पुढे करून त्यांनी माझ्या उजव्या गालावर, डोळ्याखाली जो डाग होता त्याला अंगठा लावला. "वांग वाढलंय तुझं. जायफळ लाव म्हटलं तर ऐकत नाहीस." भाऊंनी माझ्या गालाला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. अगदी लहानपणी लावला असेल तर देव जाणे. अंगठा कोरडा होता, हलका होता, आणि त्या स्पर्शाला एक सवय होती जी मुलीच्या वाट्याची नव्हती.  मी मागे सरले, आत गेले आणि ओट्याशी उभ्या उभ्याच ताटलीत चिवडा घेऊन खाल्ला, कारण भूक मला खरंच लागली होती.

मग मी मागचे दिवस उलटेपालटे करून पाहू लागले. हे कधीपासून चाललं होतं? आमच्या घरात बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. भाऊंनी आईला जन्मभर 'अगं' म्हटलं, आणि 'अगं' ते मलाही म्हणत. तेव्हा 'अगं, चष्मा कुठे ठेवलास', 'अगं, आज वालाचं बिरडं छान जमलंय' यातलं कुठलं आईचं आणि कुठलं माझं, हे मला कळायचं कसं? उन्हाळ्यापासून भाऊ मऊ बोलायला लागले होते. पाणी दिलं की हात क्षणभर धरून ठेवत. मी भाजी निवडत बसले की खाटेवरून नुसतं बघत राहत. मी मूर्ख, मनात म्हणत होते, उशिरा का होईना, आला बाई म्हाताऱ्याला आपला कळवळा. चार दिवस तर मी गुणगुणत स्वयंपाक केला. आणि आता ध्यानात आलं की ते सगळं दुसरीसाठी होतं, जिला जाऊन पाव शतकाच्या वर काळ लोटला होता, आणि मी मात्र ते माझं म्हणून खुशाल घेत बसले होते. हसू आलं मला. हसता हसता चिवड्यातला दाणा घशात अडकला.

आई गेली तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगा बडोद्याचा, मनमोहन नावाचा, संस्थानच्या नोकरीतला. एकदाच पाहिला होता त्याला. सरबताचा पेला रिकामा करून झाल्यावर कुठे ठेवावा ते न कळून त्यानं तो बराच वेळ हातातच धरून ठेवला होता, आणि तेवढ्यावरून मला तो आवडला होता. आई साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. सुतक सरलं, वर्षश्राद्ध झालं, बडोद्याची माणसं वर्षभर थांबली, मग थांबेनाशी झाली. भाऊ काहीच बोलले नाहीत. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. सकाळी गोदीतल्या कचेरीत जात, संध्याकाळी येत, मी पान वाढलं की जेवत. मी मास्तरीण झाले, माझे केस पिकले, भाऊंना पेन्शन लागलं, आणि ते वाक्य तसंच राहून गेलं. मला काही मोठं नको होतं. 'उर्मे, तू राहिलीस,' एवढं त्यांनी एकदा म्हणावं. उपकार म्हणून नाही, चुकलं म्हणूनही नाही, नुसतं दिसतंय म्हणून. आमच्या डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच सांगून ठेवलं होतं, की काळीज घट्ट आहे, देह अजून रेटेल, पण डोक्याचं काही खरं नाही. पुढच्या दिवाळीला कुणालाच ओळखणार नाहीत. म्हणजे जे व्हायचं ते आताच व्हायला हवं होतं, आणि मध्ये आई उभी होती, माझ्याच गालावर.

म्हणून मी डागाच्या मागे लागले. लोकांना वाटलं, मास्तरणीला म्हातारपणी नटायची हौस आलीय. वाटू दे. पहिल्यांदा केलं ते भाऊंनीच सांगितलेलं. सहाण काढली, दुधात जायफळ उगाळलं आणि दुपारचं काम आवरल्यावर गालाला थापून बसले. आई हेच करायची. माझ्या पाठचं मूल जन्मून गेलं आणि त्या बाळंतपणात तिच्या दोन्ही गालांवर वांग उठलं, ते शेवटपर्यंत राहिलं. दुपारची ती मोरीच्या उंबऱ्याशी बसे आणि सहाणेवर जायफळ फिरे, घर्र, घर्र, आणि त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नसे. त्या अर्ध्या घटकेत ती आमची कुणाची नसायची. आता तो वास खोलीभर झाला तसे भाऊ झोपेतून उठून बसले. भिंतीला धरून, मुलगा चालायला शिकतो तसे, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. इतक्या दिवसांत ते आपणहून खाटेवरून उतरले नव्हते. "लावलंस का?" म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला भीती वाटली. आई जावी म्हणून जे उगाळलं त्यानंच ती घरात आली होती. मी गाल धुतला, सहाण धुतली, खिडक्या उघडल्या, पण वास काही हटला नाही. दोन दिवस भाऊ मला 'अगं'शिवाय बोलले नाहीत, आणि आता त्यातलं एकही माझं नव्हतं हे मला कळत होतं.

शाळेतली सरोजिनी, शिवण शिकवते ती, दादरला राहते, तिला सगळ्या जगाचे उपाय ठाऊक. तिनं पिकलेली पपई चोळायला सांगितली. मग मसुराचं पीठ, संत्र्याची वाळवलेली साल, हळद. मग लिंबू. लिंबानं गाल असा भाजला की डाग आणखी गडद झाला. राधाबाई, लालबागहून यायची, मी शाळेत असताना भाऊंपाशी बसायची आणि वरकाम करायची, ती माझा पिवळा गाल पाहून दारातच थबकली. "बाय, ह्यां काय लायलास तोंडाक? हळद लागली काय तुमका?" आणि पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. माझ्या वयाला हळदीची थट्टा झोंबायचं कारण नाही, पण झोंबली. ठाकूरद्वारचे एक वैद्य म्हणाले, दोष रक्तातला आहे, आईला होतं का? म्हटलं, होतं. मग ते विजयी मुद्रेनं मंजिष्ठेच्या काढ्याची पुडी बांधू लागले. तो काढा मी पीत राहिले, आणि प्रत्येक घोटाला वाटायचं, रक्तातला दोष म्हणजे आईच ना, तिला बाहेर काढून पुढे माझ्यात राहील काय?

शेवटी सरोजिनीनंच दादरचे कातडीचे डॉक्टर तळपदे सुचवले आणि एका शनिवारी मी ट्रामनं गेले. वाटेत परळला मोर्चा होता, ट्राम खोळंबली. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे शब्द इतक्या जवळून अंगावर आले की बाकाची फळी हलल्यासारखी वाटली. माणसं काय हवं ते भर रस्त्यात ओरडून मागत होती. त्यांचा मला हेवा वाटला. डॉक्टरांनी माझा गाल दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "हे वांग नव्हे. वांग पसरतं, कडा पुसट असतात, बहुतेक बाळंतपणानं येतं. हा वयाचा डाग आहे. वयाचा आणि उन्हाचा. उन्हातून फार हिंडता का?" मी म्हटलं, "शाळेत जाते. सकाळचं ऊन उजवीकडून लागतं." "किती वर्षं?" मी नुसता हात हलवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा डाग आईचा नव्हताच. माझ्या पोटी काही आलं नाही, माझ्या गालावर वांग कुठून येणार? हा त्या रस्त्याचा डाग होता, घर चालावं म्हणून रोज सकाळी तुडवलेल्या रस्त्याचा. माझ्या सगळ्या अंगावर मी राहिल्याची खूण कुठे असेल तर ती ही, आणि तीच बघून भाऊ मला दुसरी कुणी समजत होते. असा संताप आला मला! आणि कुणावर काढायचा ते कळेना.

डॉक्टर मात्र शांतपणे उपाय सांगत होते. काहीच न करणं हाही उपाय आहे, डागानं जिवाला धोका नाही. आम्ल लावून वरची कातडी सोलता येते. कार्बन वायू गोठवून केलेल्या बर्फानं जाळता येतो. मलमं पुष्कळ आहेत, पाऱ्याचं बाजारात सर्रास मिळतं, ते मुळीच घेऊ नका. एक नवीन परदेशी मलम आलंय, रंग काढतं, पण कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. पांढरे चट्टे उठतात, ते पुन्हा भरत नाहीत, आणि लोक कोड समजतात. "लवकरात लवकर कशानं जाईल?" मी विचारलं. "बर्फानं. फोड येईल, खपली धरेल, गळेल. पुन्हा येणार नाही असं मात्र मी सांगत नाही. घाई आहे का? घरात कार्य आहे?" "वडिलांना भेटायचंय," मी म्हटलं. "कुठे असतात?" "घरीच." डॉक्टरांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. पांढऱ्या बर्फाची कांडी चामड्यात धरून त्यांनी गालावर टेकवली. गार असं काही लागलंच नाही, लागली ती आग. दाढेपर्यंत कळ गेली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मनात म्हटलं, जा आता. जा बाई. खूप झालं.

फोड आला, त्यावर पट्टी आली. पट्टी बघून भाऊ अस्वस्थ झाले. दुपारचा चहा तसाच निवला. मी कपडे घड्या करत होते तर अगदी हळू म्हणाले, "मी मारलं का?" मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?" "मी पुन्हा हात उगारला का तुझ्यावर? मला आठवत नाही गं. कबूल केलं होतं मी, पुन्हा नाही म्हणून." आणि ते रडायला लागले. भाऊ, ज्यांचा आवाज चाळीत कधी कुणी चढलेला ऐकला नाही, ज्यांच्या सज्जनपणाचे दाखले लोक आपल्या मुलांना देत. मी हातात धोतर धरून उभी राहिले. सहाणेवर फिरणारं ते जायफळ आठवलं, आणि त्या वेळी कुणाशी न बोलणारी आई, तिचा एक गाल नेहमी भिंतीकडे. वांगासाठीच ती थापत होती का ते सगळं, आता कोण सांगणार? हे मला कळायला नको होतं. हे आईचं होतं, तिनं ते कुणाला न देता नेलं होतं, आणि ते आता मला मिळालं, मागितलेलं सोडून भलतंच. भाऊ उत्तराची वाट पाहत होते. माफ करणं माझ्या हातात नव्हतं, पण त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "नाही हो. पडले मी मोरीत." त्यांनी डोळे पुसले. मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

जानेवारीत शहर पेटलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून गोळीबार, अश्रुधूर, कर्फ्यू. शाळा बंद. लालबागहून राधाबाई येईना, तिच्या चाळीत कुणाला लागलंय की काय तेही कळेना. मी आणि भाऊ, दोन खोल्या, लावून घेतलेल्या खिडक्या. गॅलरीतली माणसं कुजबुजत, कुठे किती पडले ते सांगत, मग धावण्याचे आवाज आले की दारं पटापट लागत. अश्रुधुरानं आमच्याही डोळ्यांतून पाणी येई आणि पट्टीखाली फोड चरचरे. एका सकाळी गोळ्या अगदी जवळ वाजल्या. भाऊ खाटेवर ताठ उठून बसले. "गिरणीवाले बाहेर पडलेत. गोरे शिपाई गोळ्या घालतायत. उर्मीला खिडकीशी सोडू नकोस. पोटाशी घेऊन बस तिला." ते एकोणीसशे आठ सालच्या गिरणीकामगारांच्या दंगलीत पोचले होते हे माझ्या ध्यानात आलं. त्या दंगलीत मी नुकती पावलं टाकायला लागले होते असं आई सांगायची. "घे ना तिला!" भाऊ ओरडले. "ऐकू येत नाही का?" मी भिंतीशी जमिनीवर बसले, गुडघे जवळ ओढले आणि दोन्ही हात स्वतःभोवती घट्ट घेतले. "घेतली," म्हटलं. "घाबरलीय का?" "थोडीशी." "तिला म्हणावं भाऊ आहेत." मी ते स्वतःला सांगितलं. बाहेर कुणीतरी आई आई करत होतं आणि मी तशीच बसून राहिले, आणि खरं सांगायचं तर इतकं सुरक्षित मला किती वर्षांत वाटलं नव्हतं.

दोन तासांसाठी कर्फ्यू उठवला त्या सकाळी खाली दुधासाठी झुंबड उडाली होती. मी दूध घेऊन वर आले, तोंड धुतलं, आणि खपली हातात आली. पातळ, तपकिरी, कांद्याच्या सालीएवढी हलकी. आरशात पाहिलं. गालावर गुलाबी, कोवळी कातडी होती, तिथे कुणीच नव्हतं.  केस नीट बांधले, धुतलेलं पातळ नेसले, खिडकी उघडली आणि भाऊंच्या समोर उजेडात खुर्ची ओढून बसले. भाऊंनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. कपाळाला आठी पडली, मग हळूहळू सुटली. "उर्मी," ते म्हणाले.

मी नुसती मान हलवली. हे एवढं एक नाव ऐकायला मी गाल जाळून घेतला होता. भाऊंनी माझा हात हातात घेतला, आणि हा हात बापाचा होता, मला लगेच कळलं. "कधी आलीस?" त्यांनी विचारलं. "एवढ्या दंगलीत कशी आलीस? जावईबापू सोडायला आले होते का?" ते पुढे बोलतच होते. "बडोद्याला थंडी असेल आता. तब्येत बरी दिसते तुझी. सुखात आहेस ना?" "आहे," मी म्हटलं. "बरं झालं वेळेवर लग्न झालं तुझं. तुझ्या आईला धास्ती वाटायची. म्हणायची, मी नसले तर ही पोर तुमच्यापायी इथेच अडकेल. मी म्हटलं, मी काय राक्षस आहे? पोरीचा जन्म माझ्या भाकऱ्या थापण्यात घालवला तर मी तोंड कुठे दाखवू?" आणि ते हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या जिभेवर सगळं होतं. मी गेलेच नाही भाऊ. ह्याच खोलीत आहे. तुमच्या डोळ्यांसमोर म्हातारी झाले. एक वाक्य पुरलं असतं, आणि त्यांना ते कळलंही असतं, तेवढी शुद्ध त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत लख्ख होती. "किती दिवस आहेस?" त्यांनी विचारलं. मी गिळलं. म्हटलं, "आहे दोन दिवस."

"दोनच?" ते जरा हिरमुसले, मग स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "अगं, ऐकलंस का? उर्मी आलीय. चहा टाक." आतून अर्थातच काही आलं नाही. भाऊ मान तशीच वळवून थांबले. "अगं?" पुन्हा हाक मारली. ह्या वेळी आवाज कापला. माझ्या हातातली त्यांची बोटं गार पडत चालली. ते माझ्याकडे वळले, काहीतरी विचारण्यासाठी ओठ उघडले, आणि ते काय विचारणार हे मला ठाऊक होतं. मी त्यांचा हात अलगद खाली ठेवला. "बघते हं आई काय करतेय," म्हटलं, उठले, स्वयंपाकघरात जाऊन भिंतीआड उभी राहिले, आणि तिथून म्हणाले, "टाकते हो."